आमची वाटचाल: पावती नसलेल्या ओळी

वाटचाल लिहायची म्हटलं की लोक पहिली शेड, पहिलं लेथ मशीन इथून सुरू करतात. आमच्याकडेही ते सगळं होतं पण त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही. आम्ही पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवतो, इम्पेलर, शाफ्ट, मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टजवळून पाणी गळू न देणारा भाग) वगैरे, आणि बहुतेक माल विकसनशील देशांत जातो कारण जुने पंप दुरुस्त करून वापरणारं गिऱ्हाईक तिथंच आहे. तर आमच्या धंद्याला आज जो आकार आलाय तो मशीनमुळे कमी आणि त्या देशांच्या कस्टममुळे आणि सरकारी खात्यांमुळे जास्त आलाय.

सुरुवातीच्या एका देशातल्या क्लिअरिंग एजंटचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या माणसाचं, बिल मला अजून आठवतं. वरच्या ओळी म्हणजे टर्मिनल हँडलिंग, स्कॅनिंग, ड्युटी, सगळ्याला पावत्या जोडलेल्या आणि आकडे वेडेवाकडे, अगदी दशांशापर्यंत. खाली तीन-चार ओळी वेगळ्याच, 'फॅसिलिटेशन', 'इन्स्पेक्शन सपोर्ट', 'इतर', आकडे एकदम गोल आणि पावती कशालाच नाही. सरकारी फी गोल असली तरी तिची पावती मिळते हो, पावतीशिवाय गोल आकडा दिसला की समजायचं कुणीतरी तोंडाने सांगितलाय. आम्ही त्या ओळी खोडून बाकीचे पैसे पाठवले आणि पुढच्या खेपेला कंटेनर अडकला.

अडकवायला कारण लागतंच, ते एचएस कोडमधून, म्हणजे ज्यावरून ड्युटी ठरते त्या मालाच्या वर्गवारीच्या नंबरातून निघालं. पंपाचे भाग 8413.91 मध्ये जातात, मेकॅनिकल सील मात्र 8484.20 मध्ये, आणि दोन्ही एकाच पेटीत असले की कस्टमच्या साहेबाला बोट ठेवायला जागा मिळते, 'हे सगळं दुसऱ्याच कोडमध्ये बसतं, फरक भरा नाहीतर सॅम्पल लॅबला पाठवतो'. लॅबचा रिपोर्ट कधी येणार ते कुणीच सांगत नाही आणि इकडे डिमरेजचं, म्हणजे कंटेनर बंदरात पडून राहिल्याच्या दंडाचं, मीटर चालूच. लोकांना वाटतं लाच म्हणजे पैसे, पण छोट्या कंपनीला मारतो तो वेळ. तेव्हापासून आम्ही सील वेगळ्या पेटीत, वेगळ्या पॅकिंग लिस्टवर पाठवतो आणि सोबत ड्रॉइंग आणि कॅटलॉगचं पान जोडतो, म्हणजे वाद घालायला जागाच राहत नाही.

काही जण म्हणतात थोडं तेल घातलं की चाक लवकर फिरतं, मला हे कधीच पटलं नाही. कॉफमन आणि वेई या अर्थतज्ज्ञांनी 1999 मध्ये बऱ्याच देशांतल्या कंपन्यांचा डेटा तपासला तेव्हा उलटंच दिसलं, ज्या कंपन्या जास्त लाच देतात त्यांच्या मॅनेजरांचा वेळही अधिकाऱ्यांसोबत जास्तच जातो. साधं आहे, हा देतो असं एकदा कळलं की पुढचा साहेबही त्यालाच थांबवणार.

आणि रकमेपेक्षा पैसे मागणारे हात किती हे महत्त्वाचं. इंडोनेशियात आचे प्रांतात ओल्केन आणि बॅरन या संशोधकांनी 2005-06 मध्ये ट्रक ड्रायव्हरांच्या शेजारी माणसं बसवून 304 फेऱ्या मोजल्या, त्यात पोलीस, लष्कर, वजनकाटे मिळून 6,000 च्या वर बेकायदा वसुल्या निघाल्या. सरकार आणि तिथल्या बंडखोरांच्या शांतता करारानंतर सैन्य मागे गेलं, नाकी कमी झाली, तर उरलेल्या नाक्यांनी आपला दर वाढवला. म्हणजे नाकी कमी झाल्याचा सगळाच फायदा ड्रायव्हरच्या खिशात पडला नाही. उलट दक्षिण कोरिया राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-हीच्या काळात काही धुतल्या तांदळासारखा नव्हता तरी वाढला, ऐकायला बरं वाटत नाही पण खरं आहे. माझ्या मते तिथं कारखानदाराला निदान कुणाशी बोलायचं आणि निर्यात केली तर काय मिळणार हे माहीत होतं, दहा खिडक्यांवर दहा वेगळे मालक असले की ते गणितच बसत नाही.

म्हणून नवा देश निवडताना आम्ही बाजार किती मोठा हे नंतर बघतो. आधी बघतो की कस्टमची फी ऑनलाइन लिहिलेली सापडते का, सिंगल विंडो (सगळी कागदपत्रं एकाच ठिकाणी द्यायची सोय) आहे का, निर्णयावर अपील करता येतं का. डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, ट्रेड फॅसिलिटेशन (व्यापार सुलभ करण्याचा) करार फेब्रुवारी 2017 मध्ये लागू झाला, त्यात फी आणि नियम जाहीर करणं, अपीलचा हक्क, कोडबद्दल आधीच लेखी निर्णय मागायची सोय हे सगळं आहे. कागदावर आहे म्हणून लगेच होतं असं नाही, पण तो लेखी निर्णय जिथं मिळतो तिथं आम्ही तो घेतल्याशिवाय पहिला कंटेनर हलवत नाही. एजंटच्या करारातही एकच अट ठळक टाकलीय, पावती नाही तर पैसे नाहीत. दोन चांगले एजंट यामुळे सोडून गेले, काही ऑर्डरीही गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

सरकारी टेंडर ही वेगळी डोकेदुखी. माल जातो, पोच मिळते, आणि मग बिलाची फाइल टेबलावर बसते. इथं लाच मागावीच लागत नाही, नुसतं बसून राहिलं तरी पुरतं. युक्रेनने 2016 पासून सरकारी खरेदी प्रोझोरो नावाच्या सिस्टीमवर सक्तीची केली, लिलाव संपला की कुणी किती बोली लावली ते कुणीही उघडून बघू शकतं. तसं असेल तिथं हरलो तरी का हरलो ते कळतं. पण पैसे वेळेवर मिळतील याची हमी त्यातूनही मिळत नाही, म्हणून सरकारी खात्याला थेट माल देणं आम्ही बंद केलंय. आता कन्फर्म्ड लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागदपत्रं बरोबर असली की पैसे देण्याची दोन बँकांची लेखी हमी, असेल तरच, नाहीतर तिथल्या खासगी डीलरला निम्मा अॅडव्हान्स घेऊन. उलाढाल त्यामुळे वाढते हळू, पण पगार तारखेला होतात, आणि सध्या यादीत दोन नवे देश आहेत ज्यांच्या फीच्या याद्या आमची अकाउंटवाली मॅडम आधी वाचतेय, सेल्सवाले नंतर.