ॲसिटिलकोलीन घातलं तरी कडी सैल होत नाही तेव्हा: माझा अनुभव

उंदराची महाधमनी काढणं, कड्या कापणं, ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवून तिचा ताण मोजायचं उबदार द्रावणाचं भांडं) तारांवर चढवणं, सगळं सुरळीत झालं. अडलं एकाच जागी. धमनी आकसवणाऱ्या फिनाइलेफ्रिनने (१ मायक्रोमोलर) कडी मस्त आकसली, ताणाची रेष वर जाऊन स्थिरावली. मग कडी सैल व्हावी म्हणून ॲसिटिलकोलीन घातलं आणि रेष जागची हलेना.

माझा राग आहे तो छापील प्रोटोकॉलवर. 'भोवतालची चरबी साफ करा' एवढं अर्धं वाक्य टाकून ते पुढे जातात, आणि प्रयोग नेमका तिथेच बुडतो. आतलं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, एका पेशीच्या जाडीचं असतं. ॲसिटिलकोलीन या पेशींवर काम करतं: त्यांच्यातलं कॅल्शियम वाढतं, एल-आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, ते शेजारच्या स्नायूत शिरून सीजीएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं आणि स्नायू सैलावतो. अस्तर खरवडलं गेलं की स्नायू शाबूत असूनही हा निरोप द्यायला कोणी उरत नाही. फर्चगॉट आणि झवाडझ्की यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवर हेच दाखवलं. आतला पृष्ठभाग हलकासा घासला तरी शिथिलन गेलं.

म्हणून चिमट्याने धमनीची भिंत कधीच पकडू नका. बाहेरची चरबीच धरायची. धमनी ओढायची नाही. आतलं रक्त गोठण्याआधी क्रेब्ज द्रावणाच्या (ऊती जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण) संथ धारेने काढायचं, आणि त्या धारेत हवेचा बुडबुडा नको, तोही अस्तर उचकटतो. कडी २ ते ३ मिमीची, धारदार पात्याच्या एका कापात. दुसरी तार पहिलीला समांतर हळूच सरकवायची, कडीत फिरवायची नाही.

दोष कुठे आहे ते सोडियम नायट्रोप्रुसाइड सांगतं; ते अस्तराच्या मदतीशिवाय थेट स्नायूला सैल करतं. त्याने कडी सैल झाली तर स्नायू ठीक, अस्तर गेलेलं. ती कडी सरळ बाद करा. बाथमध्ये अस्तर परत उगवत नाही. ॲसिटिलकोलीनला ८० टक्क्यांहून कमी शिथिलन देणारी कडी मी ठेवतच नाही. ती रेष पहिल्यांदा झरझर खाली आली तेव्हाचा आनंद अजून ताजा आहे.

स्थिरावायला साधारण तासभर द्या: २ ग्रॅम ताण, ३७ अंश, दर १५ मिनिटांनी द्रावण बदल. ताण उतरत राहतो, तो पुन्हा लावा. इथे घाई चालत नाही.

आणि हो, क्रेब्जमध्ये कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सोडून झाल्यावरच. द्रावण गढूळ दिसलं तर ओतून द्या.