बारोलोला पायी जाणार असाल तर आधी आभाळ बघा

दादानं नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, "ला मोर्रा ते बारोलो, सगळा उतारच. दीड तासात पोचू." लागले सव्वातीन तास. ला मोर्रा पाचशे मीटरवर, बारोलो तीनशेच्या आसपास, म्हणजे उतार आहेच. राजगड-तोरणा एका दमात केलेली माणसं आम्ही, तेव्हा दमाचा प्रश्न नव्हता. घात केला मातीनं.

ही दोन्ही गावं इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातल्या लांगे या डोंगराळ, द्राक्षांच्या भागातली. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. इथली जमीन म्हणजे जुन्या समुद्राचा तळ, चुनखडी मिसळलेली राखाडी-निळसर चिकणमाती. वाळली की पांढरी दिसते, म्हणून फोटोत वाटा छान कोरड्या वाटतात. ओली झाली की बुटाला असा थर चढतो की दहा पावलांत प्रत्येक पाय दोन किलोचा. दगडावर घासून काढावा तर पुढच्या पाच पावलांत पुन्हा तेवढाच. आपल्या काळ्या मातीत पाय रुततो, इथं पाय घसरतो आणि शिवाय जड होतो.

ब्रुनातेच्या द्राक्षबागांमधल्या रंगीत चॅपेलपर्यंत सगळं ठीक होतं. 1914 साली मजुरांच्या आडोशासाठी बांधलेली ही इमारत, हिच्यात कधी प्रार्थना झालीच नाही. 1999 मध्ये सोल ल्यूविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या कलाकारांनी ती भडक रंगवली. फोटो काढा आणि पाऊस पडून गेला असेल तर तिथून मुकाट डांबरी रस्ता धरा. लांब पडला तरी चालेल. आम्ही वेलींच्या ओळींमधली वाट धरली आणि मी दोनदा घसरून बसले. दुसऱ्यांदा बसले ती थेट वेलीच्या तारेला धरून, तळहात कापला.

तिथंच एक म्हातारे शेतकरी ट्रॅक्टरवर येऊन थांबले. काही न बोलता त्यांनी खिशातला चाकू काढून माझ्या बुटाचा तळ खरवडला आणि वेलीवर उरलेला नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांचा एक घड हातात दिला. बारीक मणी, गर गोड, साल पातळ. पण साल आणि बी चावली तशा हिरड्या आवळून आल्या, कच्ची सुपारी तोंडात धरावी तशा. आमच्या मामांची तासगावला बाग आहे. ते याच महिन्यात ऑक्टोबर छाटणी करतात, म्हणजे त्यांचा हंगाम सुरू होत असतो तेव्हा इकडची तोडणी संपत आलेली असते. नेब्बिओलोला कोंब सगळ्यात आधी फुटतात आणि ती पिकते सगळ्यात शेवटी, म्हणून उन्हाकडे तोंड असलेला चांगला उतार तिलाच. दोल्चेत्तो आणि बार्बेरा या दुसऱ्या जातींच्या वाट्याला उरलेली जागा येते.

वाइनमध्येही माझी फसगत झालीच. बारोलो गावाच्याच नावाची वाइन म्हणजे शंभर टक्के नेब्बिओलो, किमान 38 महिने मुरवलेली, त्यातले 18 लाकडात. एवढं वाचल्यावर मला वाटलं, काळीकुट्ट दाट काहीतरी असेल. ग्लासात आली ती पाणी जास्त झालेल्या कोकम सरबताच्या रंगाची. वास गुलाबाचा, थोडा डांबराचा. आणि घोट घेतल्यावर तोच घडातला तुरटपणा, चौपट. ताजी बाजारात आलेली बारोलो चाखायला चार ग्लासांचे तीस युरो देऊ नका. ती दहा वर्षांनी प्यायची वस्तू आहे. नेब्बिओलोच प्यायची असेल तर 'लांगे नेब्बिओलो' लिहिलेली मागा, लवकर पिण्यासारखी असते आणि खिशालाही बरी.

दोल्चेत्तो या नावाचा अर्थ 'गोडुली' असा काहीतरी, म्हणून दादानं माझ्यासाठी तीच मागवली. गोडाचा पत्ता नाही. जांभळी, साधी, शेवटाला जरा कडवट. गोडच हवी तर मोस्कातो दास्ती घ्या, अल्कोहोल जेमतेम पाच-साडेपाच टक्के. जेवणाबरोबर बार्बेरा: तुरटपणा कमी, चिंचेसारखी आंबट, मसाल्याच्या जेवणालाही पुरी पडेल.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांत बाजी मारली पेलावेर्गानं. ही वेर्दुनो या एका छोट्या गावाची वाइन. फिकट लाल, हलकी, आणि नाकाला पांढऱ्या मिरीचा वास. कुणी हिची टिमकी वाजवत नाही, म्हणून स्वस्त. ओल्या बुटांनी, कापलेल्या हातानं पहिला ग्लास प्यायले, त्यामुळे मत थोडं झुकलेलं असेल. पण दुसऱ्या दिवशी कोरड्या बुटांनीही तेच वाटलं.

बार्बारेस्को गावातला दिवस ऊन पडलेला, वाट सोपी, काही घडलं नाही. तिथल्या शेतकऱ्यांची 1958 पासूनची सहकारी वाइनरी चांगली आहे, तिथूनच खरेदी करा. सहकाराबद्दल आपल्याकडची माणसं जे बोलतात ते इथं आठवू नका.

आता आल्बा शहरात आलेल्या जेवणाच्या बिलाबद्दल. शरद ऋतूत तिथं पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचा मेळा असतो, हॉटेलांचे दर वर जातात आणि जेवणात "थोडं ट्रफल घालू का?" असं प्रेमानं विचारतात. वेटर ताजारिनच्या शेवयांवर किसत राहिला, मी कौतुकानं बघत राहिले. शेवया सोळा युरोच्या, वरचा कीस पंचावन्नचा. रीत अशी आहे की ट्रफल किसण्याआधी आणि नंतर तोलून दाखवतात. आमच्यापुढे काटा आलाच नाही आणि मीही मागितला नाही. तुम्ही मागा. आधी ग्रॅमचा भाव विचारा, पाच ग्रॅम म्हणून सांगा आणि पाचाला "बास्ता", म्हणजे पुरे, म्हणा.

शाकाहारी मंडळींनी 'बान्या काउदा'ला भुलू नये. भाज्यांबरोबर येतं खरं, पण त्या लसणाच्या रश्शात मासळी विरघळलेली असते. आन्योलोत्ती या सारण भरलेल्या बारक्या पास्त्यातही बहुधा मांसच.

वाइनरीत फोन न करता जाऊन उपयोग नाही, दोन दारांवरून परत आलो. बसच्या भरवशावर राहू नका, रविवारी तर नाहीच. बूट घोट्याच्या वरचे, आणि पिशवीत एक बोथट चाकू.

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू विनाशुल्क आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या. दादानं हट्टानं तिसरी घेतली, मग शेवटच्या रात्री हॉटेलच्या खोलीत दात घासायच्या ग्लासांत ती संपवावी लागली. पेलावेर्गा होती, म्हणून कुणी कुरकुरलं नाही.