तारामतीच्या दोन क्लिप्स आणि चालता परिसंवाद : नोंद चौथी

मधूनमधून क्लिप्स दाखवत चालणाऱ्या या परिसंवादाचा विषय तोच आहे: मराठी पडद्यावरची स्त्रीभूमिका पुरुषाकडून स्त्रीकडे कशी गेली. तारामती दोनदा दिसते. एकदा फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये अण्णा साळुंके, एकदा प्रभातच्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे. चार वक्ते, एक सूत्रसंचालक, नव्वद मिनिटं.

आराखड्यात सुरुवातीला सहा क्लिप्स होत्या, त्या दोनवर आणल्या आहेत. सहा क्लिप्स म्हणजे परिसंवाद उरत नाही, वक्ते निवेदक होतात. क्लिपनं वक्त्याचं म्हणणं सजवायचं नसतं, त्याला अडवायचं असतं. ‘पुरुषानं केलेली स्त्रीभूमिका म्हणजे नुसती नक्कल’ असं कोणी ठामपणे म्हणालं की त्याच क्षणी साळुंक्यांची तारामती पडद्यावर यायला हवी. म्हणून दोन मुख्य क्लिप्स (४८ आणि ६५ सेकंद) आणि त्यांतूनच काढलेले आठ ते बारा सेकंदांचे पाच तुकडे अशी मांडणी केली आहे. तुकडे आकड्यांच्या कळांवर आहेत, वाद रंगात असताना परत दाखवायला. खरा उपयोग या तुकड्यांचाच होतो.

पहिली क्लिप : चौकटींची गती

राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय आणि तारामती बघतेय, तो सुरुवातीचा प्रसंग. सगळ्यात जास्त काम इथेच गेलं. मूकपट साधारण सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित व्हायचे. तीच फिल्म २५ चौकटींनी चालवली की १६ च्या हिशेबानं माणसं दीडपटीहून वेगात हलतात आणि सभागृह हसतं. एकदा हशा पिकला की साळुंक्यांच्या अभिनयावर गंभीरपणे कोणी बोलत नाही. ज्याला आपण ‘जुन्या सिनेमाची गंमत’ म्हणतो, ती बहुतेक वेळा आपल्याच हस्तांतरणाची, म्हणजे फिल्म डिजिटल करतानाची, चूक असते.

आधी मिळालेली प्रत तपासा. वीएलसीमध्ये ‘ई’ ही कळ दाबत एकेक चौकट पुढे जा. प्रत्येक चौकट नवी असेल तर फिल्म एकास एक उतरवली आहे, काम सोपं. ठरावीक अंतरानं तीच चौकट पुन्हा येत असेल तर गती कोणीतरी आधीच ताणली आहे, त्या जादा चौकटी आधी काढाव्या लागतात. दोन चौकटी एकमेकींत मिसळून भुतासारख्या दिसत असतील तर त्या प्रतीच्या नादी लागू नका, दुसरी शोधा. मिसळलेलं वेगळं होत नाही.

एकास एक असलेल्या २५ च्या प्रतीचा वेग ६६.६७ टक्के केला की सेकंदाला १६.६७ चौकटी होतात. टाइमलाइन २५ ची ठेवली तर एक चौकट दोनदा, पुढची एकदा अशी लंगडी चाल येते. हात वर जाताना तो झटका स्पष्ट दिसतो. टाइमलाइन ५० ची ठेवली की प्रत्येक चौकट बरोबर तीनदा येते आणि हालचाल गुळगुळीत होते. दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रीटाइम प्रोसेस ‘निअरेस्ट’ ठेवा. ‘ऑप्टिकल फ्लो’ मधल्या चौकटी स्वतः तयार करतो, म्हणजे फाळक्यांनी न टिपलेली हालचाल आपण दाखवतो. ते नकोच. प्रोजेक्टरकडे जाणारं आउटपुटही ५० हर्ट्झ करा, नाहीतर ६० वर सगळी मेहनत वाया जाते.

गती योग्य आहे का, हे आकड्यापेक्षा कापडावरून कळतं. पदर पडायला लागणारा वेळ बघा, चालणाऱ्याचं पाऊल बघा. १६, १८ आणि २० अशा तीन आवृत्त्या शेजारीशेजारी लावून ठरवा.

इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रतींवर कोणीतरी नंतर संगीत चढवलेलं असतं. ते पूर्ण काढलं आहे. एक तर ते फाळक्यांचं नाही, दुसरं म्हणजे त्याचे हक्क वेगळे असतात.

वर्षाची पाटी

मूळ चित्रपट ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, पण ती १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणून पाटीवर ‘१९१३ की १९१७?’ असंच लिहिलं आहे. ही शंका लपवण्यापेक्षा पाटीवरच ठेवलेली बरी, एखाद्या वक्त्याला ती उचलता येईल. पाटी क्लिपच्या आधी नाही, शेवटी येते. आधी वर्ष वाचलं की प्रेक्षक चेहरा न बघता वर्षच बघत बसतात.

दुसरी क्लिप : आवाज

काशीच्या बाजारातला विक्रीचा प्रसंग. चित्र ४:३ चं, १९२० बाय १०८० मध्ये १४४० रुंदीचं बसतं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. पडदा भरावा म्हणून ताणायचं नाही, वरखाली कापायचंही नाही.

आवाज ९० हर्ट्झच्या खाली आणि ६५०० च्या वर कापला आहे. खरखर कमी करताना सहा डेसिबलवर थांबा. त्याच्या पुढे गेलं की दुर्गाबाई पाण्याखालून बोलल्यासारख्या वाटतात. थोडी खरखर कानाला लगेच सवयीची होते. संवाद मराठीच असले तरी मराठी उपशीर्षकं दिली आहेत, कारण सभागृहाच्या घुमाऱ्यात त्या काळची शब्दफेक अर्धीच पोचते.

सभागृहातला सगळ्यात फसवा दोष जुन्या बोलपटांतच जाणवतो. लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकमधून स्टीरिओ केबल थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की मिक्सर डाव्यातून उजवा आवाज वजा करतो. आजच्या स्टीरिओ गाण्याचं काहीतरी उरतं, म्हणून चाचणीला गाणं लावलं तर ‘येतोय की आवाज’ म्हणून सगळे निश्चिंत होतात. १९३२ चा चित्रपट मोनो, दोन्ही बाजूंना तोच आवाज. वजाबाकी जवळजवळ शून्य. ओठ हलतात, आवाज नाही. उपाय: स्टीरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी पेटी), किंवा एका ३.५ मिमीमधून दोन मोनो जॅक निघणारी केबल दोन वेगळ्या चॅनेलना. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की ५० हर्ट्झची घरघरही बहुतेक वेळा जाते. आणि चाचणी त्याच क्लिपनं करा, गाण्यानं नको.

ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर क्लिपच्या आवाजाचं मॉनिटरिंग मुळात बंद असतं. ‘मॉनिटर अँड आउटपुट’ केलं नाही तर रेकॉर्डिंगमध्ये आवाज जातो, सभागृहात जात नाही. एचडीएमआय जोडल्यावर लॅपटॉपचा आवाज परस्पर प्रोजेक्टरकडे वळतो, तेही बघून घ्या.

मंचावर

प्रत्येक क्लिपच्या आधी अर्धा सेकंद काळं आणि शेवटी शेवटची चौकट दहा सेकंद गोठवलेली. क्लिप संपून डेस्कटॉप उघडा पडला की वाद थंडावतो. गोठलेल्या चौकटीवर मात्र लगेच कोणीतरी बोट ठेवतं.

क्लिप चालू असताना वक्त्यांचे माइक बंद, नाहीतर पडद्याचा आवाज त्यांतून परत फिरतो. सूत्रसंचालकाचा माइक संपण्याआधी दोन सेकंद उघडायचा. दिवे पूर्ण घालवायचे नाहीत, तिसऱ्या हिश्श्यावर आणायचे. बघणाऱ्या वक्त्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसलाच पाहिजे, प्रतिक्रिया तिथेच सुरू होते. त्यासाठी वक्त्यांच्या पायाशी बत्तीस इंची मॉनिटर हवा. तो नसला तर चौघंही मान वळवून प्रेक्षकांकडे पाठ करतात.

सूत्रसंचालकाला एकच वाक्य दिलं आहे: ‘तारामतीचे हात आणि मान बघा.’ ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न बाद. त्याला ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं.

हक्क

आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं, म्हणजे दोन्ही चित्रपट मोकळे. संगीत आणि शब्द यांचा हिशेब वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चालींचा प्रश्न नाही. गीतं घ्यायची तर गीतकाराचं स्वतंत्रपणे पाहावं लागतं, म्हणून क्लिपमध्ये गाणं घेतलेलं नाही. संग्रहालयाकडून प्रत घेतली तर हक्क संपले असले तरी त्यांच्या अटी पाळाव्या लागतात. दाखवायची परवानगी आणि थेट प्रक्षेपणाची परवानगी वेगळी मागा.

बाकी काम

दुसऱ्या क्लिपची प्रत २५ चौकटींची आहे, मूळ २४ ची. आवाजाची पट्टी चार टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ०.७ अर्धस्वर चढली आहे. चित्र तसंच ठेवून फक्त आवाज तेवढा उतरवायचा आहे. पायाशी ठेवायच्या मॉनिटरला बिनतारी जोडणी देऊन पाहिली, चित्र मागे पडतं. आता साधा एचडीएमआय स्प्लिटर आणि पंधरा मीटरची केबल लावून बघायची.