तांबेकर वाडा हलवताना

बडोद्याच्या रावपुऱ्यातला तांबेकर वाडा मी लहानपणापासून येता-जाता पाहत आलोय. चार मजले, लाकडी काम, आत भिंतीभर चित्रं. दोन वर्षं खपून मी त्याची प्रतिकृती एका ऑनलाइन आभासी जगात उभी केली आणि गेल्या वर्षी कंपनीने ते जग बंद करत असल्याचं कळवलं. मुदत नव्वद दिवस.

भिंती, खांब, जिने ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले, म्हणून त्यांच्या फायली माझ्याकडे होत्या. पण समया, झुंबरं, दारं उघडणाऱ्या स्क्रिप्ट (म्हणजे छोटे प्रोग्रॅम), सगळं तिथल्याच साधनांनी केलेलं. ते बाहेर न्यायची सोयच नव्हती. तीनदा लिहून विचारलं. उत्तर एकच, आमचं स्वरूप दुसरीकडे चालत नाही. दुकान बंद करायचा हक्क त्यांचा, मान्य. पण माझ्या हातची समई मला नेता येऊ नये? शेवटी एकेका वस्तूचे फोटो आणि मापं टिपत बसलो. फार वाईट वाटलं.

नव्या जागेसाठी ओपनसिम्युलेटर निवडलं. आभासी जग उभं करायचं हे २००७ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर, स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं. २५६ बाय २५६ मीटरचा भूखंड वाड्याला भरपूर झाला. भिंती-खांबांची कोलाडा फाईल (त्रिमितीय आकार साठवायचा एक प्रकार) चढवली तर वाडा आडवा! त्या फाईलीत वरची दिशा कोणती हे लिहिलेलं असतं, आणि एक्सपोर्ट करताना मी चुकीची निवडली होती. जीएलटीएफ या दुसऱ्या फाईल प्रकारात मीटर हे माप आणि वाय ही वरची दिशा आधीच ठरलेली आहे. २०२२ पासून तो आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. मूळ प्रत आता मी त्यातच ठेवतो. शिवाय दर रविवारी 'सेव्ह ओएआर' ही आज्ञा देतो. वाडा, जमीन, स्क्रिप्ट, सगळं एका फाईलीत उतरतं.

सर्वांत जास्त वेळ हायपरग्रिडने खाल्ला. ही ओपनसिम्युलेटरमधली सोय, तिच्यामुळे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या जगांत ये-जा करता येते. त्यासाठी ब्रॉडबँडवाल्याकडून स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता घेतला, बाहेरच्यांना आत येता यावं म्हणून राउटरवर ९००० क्रमांकाचं पोर्ट उघडलं. २००८ साली लिंडन लॅब आणि आयबीएमने लिंडन लॅबच्याच सेकंड लाइफ या आभासी जगातून ओपनसिम्युलेटरवर अवतार, म्हणजे माणसांची आभासी रूपं, पाठवून दाखवले होते, पण त्यांचं सामान मागेच राहिलं होतं. म्हणून धाकधूक होती.

इंदूरच्या मावसभावाने स्वतःच्या जगातून उडी घेतली. आजी माझ्या शेजारी बसली होती. तो वाड्याच्या चौकात उतरला तेव्हा त्याने तिकडे घडवलेली होळकरी पगडी डोक्यावर होती.