मागचा टो कुणी बघितलाय का?

मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार वळणात घालायची म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला येतो, ‘धाडस कर.’ धाडसाचा इथं फारसा संबंध नाही, हे मला अलाइनमेंटच्या तीन पावत्या गोळा झाल्यावर कळलं.

लक्षण असं होतं. आंबा घाटात उजव्या वळणाला गाडी रुळावर असल्यासारखी जायची. डाव्या वळणात मात्र ॲक्सिलरेटरवरून पाय जरा उचलला की मागचं अंग हलकं होऊन बाहेर सरकायचं आणि डॅशबोर्डवर घसरण सावरणाऱ्या यंत्रणेचा पिवळा दिवा लुकलुकायचा. पायाची चूक असती तर दोन्हीकडं सारखी दिसली असती. एकाच बाजूला होतंय म्हणजे चाकांच्या भूमितीत गडबड. डाव्या वळणात मागचा बहुतेक भार उजव्या चाकावर येतो. त्या चाकाचं तोंड बाहेर असेल (यालाच ‘टो बाहेर’ म्हणतात) तर ते मागच्या अंगाला बाहेरच ओढणार.

हे अलाइनमेंटच्या दुकानात सांगितलं, तर उत्तर ठरलेलं: “मागचं फॅक्टरी सेटिंग असतंय साहेब, ते हलत न्हाई.” तिन्ही वेळा पुढची दोन चाकं हिरवी, म्हणजे मापात, करून दिली. कागदावर मागचं उजवं चाक तिन्ही वेळा लाल! टो ०.२५ अंश बाहेर. तो कागद मशीन कुणासाठी छापतं, देव जाणे.

मागच्या टोला ॲडजस्टमेंट असते. बहुतेक वेळा बोल्ट गंजून बसलेला असतो, पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्या गाड्यांचा तर हमखास. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. त्याआधी बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातली रबरं, बघा. रबर फाटलं असेल तर टो कितीही बसवा, ब्रेक मारला की चाक परत वाकडं. क्रमही महत्त्वाचा: आधी मागची चाकं, मग पुढची. मागची तशीच ठेवून नुसती पुढची केली तर स्टिअरिंग सरळ दिसतं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण साधारण प्रत्येक मागच्या चाकाला ०.१ ते ०.२ अंश आत. शेवटी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बोल्ट सुटला आणि पाऊण तासात काम झालं. पाऊण तास!

आता पाय. ब्रेक सरळ रेषेतच उरका, गिअरही तिथंच खाली घ्या. वळणात दणकन खालचा गिअर टाकला तर इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणजे अर्धा हँडब्रेकच. वळणात शिरल्यावर वेग टिकेल इतकाच ॲक्सिलरेटर, आणि बाहेर पडताना स्टिअरिंग जितकं सरळ होईल तितकाच पुढं. वेग जास्त झालाय असं वाटलं तरी पाय झटकन काढू नका, हळूहळू सोडा. वेग ६० वरून ७० झाला की टायरवरचा बाजूचा ताण तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो, म्हणून चूक शिरतानाच होते. मधे आपण फक्त ती निस्तरत असतो.

सराव घाटात नको. ओळखीतलं मोकळं काँक्रीटचं आवार बघा, १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ ट्रॅफिकच्या प्लास्टिक कोनांनी आखा, टँकरनं पाणी मारा. ओल्यात साधारण ३०च्या आसपासच टायर बोलायला लागतात, त्यामुळं चुकलं तरी गाडी फार तर गोल फिरते. मागचं अंग सुटलं की जिकडं जायचंय तिकडं बघा, स्टिअरिंग उलटं द्या आणि पकड परत यायच्या आत सोडायला लागा. उशीर केला तर गाडी दुसऱ्या बाजूला झेप घेते, आणि ती झेप पहिल्यापेक्षा वाईट असते. बीएमडब्ल्यूत डीएससीचं (घसरण सावरणाऱ्या यंत्रणेचं) बटण एकदा दाबलं तर थोडं घसरू देणारा मोड लागतो, धरून ठेवलं तर सगळंच बंद. रस्त्यावर त्याला हात लावू नका.

उसाच्या हंगामात तर साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर वळणाचा प्रयोगच नको. ट्रॉलीतून पडलेली कांडी, पाचट आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल नेमका वळणाच्या बाहेरच्या कडेला साठतो.

हवेचं आधीच सांगायला हवं होतं. ती सकाळी, टायर गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पंपावाला चारही चाकांत सरसकट ४० मारतो, तो मोह मोडा. आणि टायरच्या कडेवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: १४१९ म्हणजे २०१९चा चौदावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी असलं रबर लाकडासारखं झालेलं असतं, आणि मागच्या चाकांवर ते जास्त धोक्याचं.