स्टेनलेसला रंग कशाला?

आदल्या दिवशी मी त्या कागदावर 'ठीक' लिहून सही केली होती. हे आधीच सांगून टाकतो.

गोव्यात झुआरी नदीकाठच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात मी वेल्डिंग तपासतो. उमेदीची वर्षं खनिजाच्या बार्जींवर गेली. 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर मिळेल ते काम धरलं. परवाच्या पावसात एलएनजीवर, म्हणजे गारठवून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूवर, मुख्यतः मिथेनवर चालणारं जहाज दुरुस्तीला आलं, टाक्या गॅसमुक्त करून. म्हणजे नुसतं झाकण उघडलं असं नव्हे. आधी टाकी ऊबदार करायची, मग नायट्रोजन भरायचा, हवा सगळ्यात शेवटी. थेट हवा सोडली तर मिथेन 5 ते 15 टक्क्यांच्या पट्ट्यातून जातो आणि तिथे एक ठिणगी पुरते. आमच्या जुन्या बार्जवाल्यांना हे पटत नाही, त्यांच्या लेखी रिकामी टाकी म्हणजे रिकामी टाकी.

आमचं काम किरकोळ होतं. इंधन भरायच्या जोडाखाली गळती झेलणारा ट्रे असतो, त्याचा फाटलेला तुकडा बदलायचा. हे इंधन उणे 162 अंशांचं. त्या थंडीत साधं पोलाद काचेसारखं तडकतं, म्हणून ट्रे स्टेनलेसचाच लागतो. खालचा डेक साधाच असतो, त्याला वाचवायलाच तर ट्रे.

ठेकेदाराने तुकडा बसवून वर चंदेरी रंग मारला होता. वेल्ड इतका देखणा, एकसारख्या लाटांचा, की मी त्यावरच भाळलो आणि सही ठोकली. स्टेनलेसला रंग कशाला, हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

सुचलं रात्री. सकाळी खिशातलं चुंबक घेऊन गेलो. कोपऱ्यावर ओढ लागली. वाकवलेलं स्टेनलेसही थोडं ओढतं, म्हणून रंग खरवडून मधल्या सपाट भागावर लावलं. टक्कन चिकटलं. ग्राइंडर टेकवला, तर लांबलचक पिवळ्या ठिणग्यांचा फवारा. साधा पत्रा.

जहाजमालकाच्या माणसाच्या टोपीवर हिरवं पान. येता-जाता ऐकवायचा, गंधक जवळपास शून्य, कार्बन डायऑक्साइड वीसेक टक्क्यांनी कमी. खरंच आहे ते. पण इंजिनातून न जळता निसटणाऱ्या मिथेनचा विषय काढला की ह्याला फोन येतो. वीस वर्षांच्या हिशोबात तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. पत्रा दाखवला तेव्हा मात्र त्याने पहिलं विचारलं, "म्हणजे किती दिवस वाढले?"

माझी सही मी खोडली, तारीख घालून. तुकडा कापला, नवा बसला, पत्र्याचे कागद तपासून.

पण मला छळतोय तो वेल्डिंगचा रॉड. कापताना रॉडचं रिकामं पाकीट सापडलं, 309 नंबरचं. तो रॉड मुद्दाम स्टेनलेसला साधं पोलाद जोडायलाच वापरतात. म्हणजे वेल्डरला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, त्याने त्या चुकीच्या पत्र्याचं काम अगदी बरोबर केलं होतं.

कुठ्ठाळीचा मुलगा, पंचविशीचा. चहाच्या टपरीवर त्याला गाठलं. म्हटलं, अरे, सांगायचंस तरी.

कप खाली न ठेवताच म्हणाला, "पात्रांवान जो पत्रो दिलो तो हांवें जोडलो. म्हाका कोणें विचारलें?" पात्रांव म्हणजे मालक, त्याच्यासाठी ठेकेदार.

ठेकेदाराने विचारलं नव्हतं. आदल्या दिवशी मी त्या पोरापासून हातभर अंतरावर उभा होतो, वेल्डचं कौतुक करत. मीही विचारलं नव्हतं.