आमची वाटचाल : दिवटीच्या उजेडात पारखलेल्या लेन्स

कराडमध्ये १९९७ साली आम्ही स्टुडिओ सुरू केला, तेव्हा निकॉनचा एफएम १० कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली ३५-७० एमएमची लेन्स (एमएमचा आकडा जितका मोठा, तितके दूरचे दृश्य जवळ दिसते) आणि एक फ्लॅशगन एवढेच आमचे भांडवल होते. रोलमध्ये ३६ फोटो आणि प्रत्येक फोटोचा खर्च ठरलेला, त्यामुळे कॅमेरा कोणता यापेक्षा बटण केव्हा दाबायचे याचाच विचार अधिक होई.

२००८ साली निकॉनच्या डी ९० या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात) व्हिडिओची सोय आली आणि त्याच वर्षी कॅननच्या ५डी मार्क २ ने फुल एचडी चित्रीकरण आणले. एकाच कॅमेऱ्यावर फोटो आणि व्हिडिओ दोन्ही कामे होतील, या आशेने आम्ही पुढे कर्ज काढून लहान सेन्सरची (प्रकाश टिपणाऱ्या चकतीची) एक डीएसएलआर बॉडी (लेन्स सोडून कॅमेऱ्याचा भाग) घेतली आणि पैसे संपल्यामुळे सोबतच्या १८-५५ एमएम लेन्सवरच भागवायचे ठरवले. चूक इथेच झाली.

त्या कॅमेऱ्याचे पहिले मोठे काम म्हणजे लग्नानंतरचा जागरण-गोंधळ. अंगणात एक पिवळा बल्ब आणि गोंधळ्याच्या हातातील दिवटी, एवढाच उजेड होता. ५५ एमएमवर त्या लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, ५.६ पेक्षा अधिक उघडत नव्हते (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), शटर १/१५ सेकंदावर आले होते आणि संबळ वाजवणाऱ्याचे हात फोटोत नुसते धुरासारखे उमटत होते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा तर दाणे दिसत आणि फ्लॅश मारावा तर दिवटीचा उजेडच पुसला जाई. अल्बम पाहून घरातील आजी म्हणाल्या, “कॅमेरा मोठा आणलासा, पण आधीचेच फोटू बरे हुते.” त्यांचे खरे होते.

त्यानंतर आम्ही ५० एमएम, १.८ ॲपर्चरची साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली. ५.६ च्या तुलनेत १.८ वर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, म्हणजे जिथे १/१५ वर अडत होते तिथे १/१२५ मिळू लागले. मात्र लहान सेन्सरवर तीच लेन्स ८० एमएमसारखी वागते, त्यामुळे पडवीत पाठ भिंतीला टेकली तरी कुटुंब चौकटीत मावत नसे आणि लवकरच ३५ एमएमही घ्यावी लागली. ७०-२०० एमएम, २.८ ही लेन्स मात्र दोन लग्नसराया भाड्याने वापरून मगच विकत घेतली. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो आणि वधू-वर एकमेकांकडे पाहतात, ते दोन-तीन सेकंद मंडपाच्या दुसऱ्या टोकावरून टिपता आले, की “फोटोवाले, जरा बाजूला व्हा” हे ऐकावे लागत नाही. दीड किलोच्या आसपासचे वजन दिवसभर खांद्यावर वागवावे लागते, ही तक्रार माझी नव्हे, मुलाची.

एका साखरपुड्याच्या फोटोंचे मेमरी कार्ड खराब होऊन सगळे फोटो गेले आणि ग्राहकाला पैसे परत करूनही आमची मान वर झाली नाही. तेव्हापासून दोन कार्डांची सोय नसलेली बॉडी, ती कितीही चांगली असली तरी, आम्ही घेत नाही. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांकडे वळताना आम्ही हीच अट आधी पाहिली आणि नंतर एलईडीच्या माळांखाली चित्रीकरण करून पाहिले. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमवर शटर १/५० ठेवले की दिव्यांच्या लुकलुकण्याने चित्रावर उमटणाऱ्या पट्ट्या सहसा येत नाहीत, पण स्वस्त डेकोरेशनच्या दिव्यांचा भरवसा नसतो.

लेन्स निवडण्याइतकेच ती सांभाळणेही महत्त्वाचे, हे आम्हाला पावसाने शिकवले. एका जुलैत चामड्याच्या बॅगेत बंद ठेवलेल्या जुन्या ३५-७० च्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली. आता सर्व लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये असतात आणि ती जुनी लेन्स त्यांच्यापासून दूर, काउंटरमागच्या फळीवर ठेवलेली आहे.

यंदा मुलाला नवी बॉडी हवी आहे. मी त्याला ८५ एमएम, १.४ ची लेन्स आठवडाभर भाड्याने आणून दिली आहे. शुक्रवारी मसूरजवळ एक गोंधळ आहे, तिथे जुन्याच बॉडीवर ती लावून पाहायची आणि मग पैसे कशात घालायचे ते ठरवायचे, असे आमचे बोलणे झाले आहे.